कुत्र्यांच्या फुप्फुसविकारांचे निदान आणि श्राव्यातीत ध्वनी

धाप लागलेला कुत्रा दवाखान्यात आणला जातो, तेव्हा पशुवैद्यकाच्या हाती वेळ फार थोडा असतो. जीभ निळसर पडलेली, मान पुढे ताणलेली, पुढच्या पायांची कोपरे छातीपासून दूर धरलेली, अशा स्थितीतील प्राण्याला आडवे पाडले तर उरलासुरला श्वासही कोंडतो. आणि छातीचे क्ष-किरण चित्र घ्यावयाचे तर त्याला काही काळ आडवे व निश्चल ठेवणे भाग पडते. निदानासाठी आवश्यक असलेली तपासणीच रुग्णाच्या जिवावर बेतावी, हा पशुवैद्यकशास्त्रातील जुना पेच आहे. गेल्या दोन दशकांत या पेचातून एक वाट निघाली आहे. गर्भाच्या किंवा पोटाच्या तपासणीसाठी सर्वांना परिचित असलेली सोनोग्राफी, म्हणजेच श्राव्यातीत ध्वनीची तपासणी, आता फुप्फुसांसाठीही वापरली जाते. आणि ती करताना प्राण्याला उभ्याचे आडवेही करावे लागत नाही.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या परिसरात या तपासणीला विशेष महत्त्व आहे. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. त्यानंतरच्या चार दशकांत येथील वस्ती झपाट्याने वाढली. घरोघरी पाळलेली कुत्री आली, रस्त्यांवरील मोकाट कुत्र्यांचा प्रश्नही वाढला. या भागाचा जुना आधार म्हणजे परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. १८८६ मध्ये सुरू झालेली ही संस्था आज महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा घटक आहे. महालक्ष्मी येथेही २०२४ मध्ये लहान प्राण्यांसाठी मोठे रुग्णालय सुरू झाले. परंतु कल्याणहून परळ सुमारे ४५ किलोमीटर दूर आहे. श्वास कोंडलेल्या प्राण्याला गर्दीच्या रस्त्याने तेवढा प्रवास सोसेलच असे नाही. म्हणून जवळच्या दवाखान्यातच पहिल्या काही मिनिटांत काय कळू शकते, याला मोल आहे.

श्राव्यातीत ध्वनी म्हणजे काय ?

मानवी कानाला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्याहून अधिक कंपनसंख्येच्या ध्वनीस श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. कुत्र्याला माणसापेक्षा बरेच उंच स्वर ऐकू येतात हे खरे; परंतु तपासणीच्या यंत्रातील ध्वनीची कंपनसंख्या सेकंदास पन्नास लाख ते एक कोटी, म्हणजे ५ ते १० मेगाहर्ट्झ इतकी असते. तो कुत्र्यालाही ऐकू येत नाही आणि त्याचा त्रासही होत नाही.

काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते, हा शोध जाक व पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला. याच्या उलट, अशा पदार्थाला वीज दिली की तो कंप पावतो. यंत्राचा जो भाग अंगावर टेकवितात, त्यास प्रोब म्हणतात. त्यात याच गुणधर्माचा उपयोग केलेला असतो. प्रोबमधून ध्वनी शरीरात शिरतो, निरनिराळ्या थरांवरून परावर्तित होऊन परत येतो आणि त्यास लागलेल्या वेळेवरून पडद्यावर चित्र उमटते. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १,५४० मीटर धरला जातो. ग्लासगो येथील इयन डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये या तंत्राचा पोटाच्या विकारांसाठी उपयोग प्रसिद्ध केला आणि पुढे ते जगभर रुजले.

फुप्फुसे मात्र दीर्घकाळ या तंत्राच्या कक्षेबाहेर राहिली. कारण सरळ होते. ध्वनी मऊ ऊतीतून हवेच्या सीमेवर पोहोचला की जवळजवळ सर्वच मागे फिरतो आणि फुप्फुस तर हवेनेच भरलेले असते. त्यामुळे पडद्यावर फुप्फुसाचे चित्र न दिसता केवळ आभास दिसतात, असे मानले जाई. फ्रान्समधील अतिदक्षता तज्ज्ञ डॅनियल लिख्टेनश्टाइन यांनी १९९० नंतरच्या दशकात या आभासांचाच बारकाईने अभ्यास केला आणि निरोगी फुप्फुसाचा आभास वेगळा व आजारी फुप्फुसाचा वेगळा असतो, हे दाखवून दिले. माणसांच्या तीव्र श्वासरोधासाठी त्यांनी आखलेली तपासणीची पद्धत २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील पशुवैद्यक ग्रेगरी लिशॲन्ड्रो व सहकाऱ्यांनी अपघातात जखमी झालेल्या १४५ कुत्र्यांच्या छातीची अशी तपासणी करून निष्कर्ष मांडले. पुढे २०१४ मध्ये कुत्र्यांच्या फुप्फुसांसाठी ठराविक जागांची स्वतंत्र पद्धत त्यांनी प्रसिद्ध केली. कोविडच्या साथीत माणसांच्या रुग्णालयांतूनही फुप्फुसांची सोनोग्राफी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

पडद्यावर काय दिसते ?

प्रोब दोन फासळ्यांवर आडवा टेकविला की पडद्यावर दोन्ही बाजूंस फासळ्यांच्या गोल कडा आणि त्यांच्या मध्ये किंचित खाली एक ठळक पांढरी रेषा दिसते. पाण्यातून फक्त डोळे व नाकाडाचा भाग वर काढून पाहणाऱ्या मगरीसारखी ही आकृती असते. मधली रेषा म्हणजे फुप्फुसाचा पृष्ठभाग. प्राणी श्वास घेतो तेव्हा ही रेषा मागेपुढे सरकताना दिसते. हे सरकणे दिसले, म्हणजे त्या जागी फुप्फुस छातीच्या भिंतीस लागून आहे, असे समजावे.

या रेषेखाली निरोगी फुप्फुसात समान अंतरावर आडव्या रेषा दिसतात. केशकर्तनालयातील समोरासमोरच्या आरशांत एकाच वस्तूची प्रतिमा पुन्हापुन्हा दिसते, तसाच हा प्रकार आहे. ध्वनी प्रोब व फुप्फुसाचा पृष्ठभाग यांच्यामध्ये ये-जा करीत राहतो. या आडव्या रेषांना ए-रेषा म्हणतात. त्या दिसल्या आणि पृष्ठभागही सरकत असला, म्हणजे त्या ठिकाणी फुप्फुस कोरडे आहे.

फुप्फुसाच्या पृष्ठभागाजवळ हवेच्या जोडीला द्रव आला की चित्र पालटते. पृष्ठभागापासून निघून पडद्याच्या तळापर्यंत न विरता जाणाऱ्या उभ्या, झगझगीत रेषा दिसू लागतात. त्या ए-रेषांना पुसून टाकतात आणि श्वासाबरोबर झुलतात. या बी-रेषा होत. निरोगी कुत्र्यातही एखाददुसरी बी-रेषा आढळू शकते. परंतु एकाच जागी तीनांहून अधिक दिसणे, किंवा त्या एकमेकींत मिसळून सर्व पडदा पांढरा होणे, हे फुप्फुस ओले झाल्याचे लक्षण आहे. आजार आणखी वाढून फुप्फुसाचा काही भाग हवेविना घट्ट झाला, तर पृष्ठभागाची रेषा फाटल्यासारखी वेडीवाकडी दिसते. पूर्ण पाळी घट्ट झाल्यास ती यकृतासारखी भासते. पृष्ठभागाजवळच्या गाठी काळसर, वाटोळ्या दिसतात. फुप्फुसाभोवती पाणी साचले असेल, तर ते काळ्या पट्ट्याच्या रूपाने स्पष्ट दिसते.

तपासणीची रीत

कुत्र्याला उभे किंवा पोटावर बसलेले ठेवून, नाकाशी प्राणवायू धरून ही तपासणी करता येते. केस कापण्याची बहुधा गरज पडत नाही. ते बाजूस सारून त्वचेवर स्पिरिट किंवा जेल लावले जाते. छातीच्या प्रत्येक बाजूस चार जागा पाहतात : मागील वरचा भाग, हृदयाच्या मुळाजवळचा मधला भाग, मधला खालचा भाग आणि अगदी पुढचा भाग. याशिवाय छातीच्या हाडाच्या टोकाखालून यकृताच्या दिशेने एक नववी जागा पाहिली जाते. प्रत्येक जागी बी-रेषा किती, हे मोजून नोंदवितात. सरावलेल्या हाताला या कामास काही मिनिटेच लागतात.

ही नोंद दोन कारणांनी उपयुक्त ठरते. एक म्हणजे कोणत्या जागी फुप्फुस ओले आहे, यावरून रोगाचा अंदाज बांधता येतो. ओकारीतील अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया बहुधा खालच्या भागात, विशेषतः उजव्या बाजूच्या मधल्या पाळीत आढळतो. हृदय थकल्यामुळे साचलेले पाणी सहसा दोन्ही बाजूंना व अनेक जागी दिसते. दुसरे म्हणजे औषध दिल्यानंतर काही तासांनी तीच तपासणी पुन्हा करता येते. बी-रेषा कमी झाल्या तर उपचार लागू पडत आहे, हे कळते. क्ष-किरणांचा मारा होत नसल्याने ती कितीही वेळा केली तरी प्राण्यास व हाताळणाऱ्यास धोका नाही.

ओले की कोरडे ?

या परिसरात पॉमेरेनियन जातीची कुत्री पुष्कळ घरांत दिसतात. दहा-बारा वर्षांचा असा कुत्रा खोकत, धापा टाकत दवाखान्यात आला, तर दोन शक्यता प्रामुख्याने पुढे येतात. म्हातारपणी लहान जातींच्या कुत्र्यांत हृदयाची डावीकडील झडप जाड होऊन गळू लागते, हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साचते. याच जातींत श्वासनलिकेच्या कड्या मऊ पडून ती नलिका चेपण्याचा विकारही वारंवार आढळतो. बाहेरून दोहोंची लक्षणे सारखी. उपचार मात्र भिन्न. पहिल्यात लघवी वाढवून पाणी उतरविणारे औषध तातडीने द्यावे लागते. दुसऱ्यात तेच औषध दिल्यास लाभ नाहीच. उलट शरीर कोरडे पडून मूत्रपिंडांवर ताण येतो.

छातीवर प्रोब टेकविताच दोन्ही बाजूंस बी-रेषांची दाटी दिसली आणि हृदयाचा डावा कप्पाही फुगलेला आढळला, तर हृदयविकाराकडे बोट जाते. सर्व जागी फुप्फुस कोरडे असेल, तर फुप्फुसांत पाणी नाही आणि कारण श्वासनलिकेत किंवा अन्यत्र शोधले पाहिजे. म्हणजे ही तपासणी संपूर्ण निदान सांगत नसली, तरी पहिली सुई कोणती द्यावयाची आणि कोणती द्यावयाची नाही, हे ठरविण्यास मदत करते. कुत्र्याचा जीव अनेकदा याच निर्णयावर अवलंबून असतो.

पावसाळा, लेप्टोस्पायरोसिस आणि फुप्फुसे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला आणि मुंबईसह ठाणे जिल्ह्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले, हे अनेकांना स्मरत असेल. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणी परिसराला वेढले. उल्हास, काळू व वालधुनी यांच्या काठच्या सखल वस्त्यांना पावसाळ्यातील साचलेले पाणी नवे नाही.

उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हे जंतू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि त्वचेवरील जखमांतून किंवा डोळे, नाक व तोंडाच्या ओल्या आवरणातून शरीरात शिरतात. कुत्र्यालाही हा रोग होतो. मूत्रपिंडे व यकृत बिघडतात. आणि काही रुग्णांत फुप्फुसांत रक्तस्राव होतो. हा प्रकार अत्यंत घातक असतो. ताप, उलट्या, कावीळ किंवा लघवी कमी होणे या लक्षणांबरोबर श्वास वाढू लागला, तर फुप्फुसांच्या सोनोग्राफीत नव्याने उमटलेल्या बी-रेषा पुढील संकटाची वेळीच सूचना देऊ शकतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पाणी, पू आणि रक्त या तिन्हींमुळे बी-रेषा सारख्याच दिसतात. रोग कोणता, हे रक्त व लघवीच्या तपासणीनेच निश्चित होते.

ही बाब केवळ कुत्र्यापुरती नाही. रोगी कुत्र्याच्या लघवीतून जंतू बाहेर पडतात आणि घरातील माणसांनाही बाधा होऊ शकते. म्हणून अशा कुत्र्यास हाताळताना हातमोजे घालणे, लघवी पडलेली जागा जंतुनाशकाने धुणे, प्रोब स्वच्छ करणे आणि घरातील कोणास ताप आल्यास डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराची माहिती देणे अगत्याचे आहे. कुत्र्यांसाठी लेप्टोस्पायरोसिसची प्रतिबंधक लस उपलब्ध आहे. ती दरवर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, टोचून घ्यावी.

अपघात, धूर आणि शस्त्रक्रिया

वाहनाची धडक बसलेल्या कुत्र्याच्या छातीत हवा शिरून फुप्फुस दबते किंवा फुप्फुसाला मुका मार लागून त्यात रक्त उतरते. पहिल्या प्रकारात पृष्ठभागाच्या रेषेचे सरकणे थांबते. दुसऱ्यात मार लागलेल्या जागी बी-रेषा दिसतात. हवा साचली असल्यास सुईने ती काढून टाकणे हाच प्राण वाचविण्याचा उपाय असतो.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ व मे २०२४ मध्ये झालेल्या मोठ्या स्फोटांनी धूर व वायू यांच्या धोक्याची जाणीव करून दिली. धुरात सापडलेल्या प्राण्याची फुप्फुसे पहिल्या काही तासांत ठीक वाटली, तरी पुढील एक-दोन दिवसांत बिघाड वाढू शकतो. अशा वेळी ठराविक अंतराने केलेली सोनोग्राफी उपयोगी पडते.

मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाशीही या विषयाचा संबंध आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अन्वये हे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविलेले आहे. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याचा पूर्वेतिहास सांगणारे कोणी नसते. लस न टोचलेल्या कुत्र्यांत डिस्टेंपरसारख्या रोगाने फुप्फुसे खराब झालेली असू शकतात. अशास भूल देणे जोखमीचे ठरते. श्वास जलद असलेल्या किंवा खोकणाऱ्या कुत्र्याची शस्त्रक्रियेपूर्वी फुप्फुसे पाहून घेतली, तर ती पुढे ढकलण्याचा निर्णय आधाराने घेता येतो. लाळ गळणाऱ्या, वागण्यात बदल झालेल्या अनोळखी कुत्र्याबाबत मात्र प्रथम पिसाळ रोगाची शंका घ्यावी आणि लस घेतलेल्या प्रशिक्षित व्यक्तीनेच त्यास हात लावावा.

मर्यादा

या तंत्राचे गुण गाताना त्याच्या मर्यादा विसरून चालणार नाही. ध्वनीला फुप्फुसाचा केवळ पृष्ठभाग दिसतो. आत खोलवर असलेली व चारही बाजूंनी हवेने वेढलेली गाठ त्यास दिसत नाही. ती क्ष-किरण चित्रात किंवा सी. टी. स्कॅनमध्ये दिसते. त्वचेखाली हवा साचली असल्यास पुढचे काहीच दिसत नाही. अतिशय लठ्ठ कुत्र्यात चित्र अस्पष्ट येते. म्हणून प्राणी स्थिरावल्यावर क्ष-किरण चित्र घेणे आवश्यकच राहते. सोनोग्राफी त्याची जागा घेत नाही; ते चित्र घेण्याइतका प्राणी जगावा, यासाठी साहाय्य करते. शिवाय चित्राचा अर्थ लावणे हे सरावाचे काम आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचा आहे, हेही लक्षात ठेवावे.

यंत्र खरेदी आणि कायदा

सोनोग्राफी यंत्राच्या खरेदीस एक महत्त्वाची बाजू आहे. गर्भलिंग तपासणीस आळा घालणारा कायदा १९८८ मध्ये करून महाराष्ट्राने देशात पहिले पाऊल टाकले. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्रीय अधिनियम झाला व २००३ पासून तो अधिक कडक करण्यात आला. मानवी गर्भाचे लिंग ओळखू शकणारे यंत्र नोंदणी नसलेल्या कोणासही विकण्यास या अधिनियमाने मनाई आहे. यंत्र कुत्र्यासाठी घेतले, तरी त्याची क्षमता बदलत नाही. तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यासाठी, विशेषतः हातात धरून नेता येईल असे यंत्र घेण्यापूर्वी समुचित प्राधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करून त्यांच्या सूचनेप्रमाणेच पुढे जावे. मुलींच्या जन्माचे रक्षण करणाऱ्या कायद्यास बगल देऊन प्राण्यांची सेवा साधता येणार नाही.

स्थानिक संस्था व शाळा काय करू शकतील ?

दवाखान्यात पोटाच्या किंवा गर्भाच्या तपासणीसाठी रीतसर घेतलेले यंत्र असेल, तर फुप्फुसांसाठी वेगळे यंत्र बहुधा लागत नाही; लागते ते प्रशिक्षण. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या साहाय्याने पशुवैद्यकांसाठी प्रात्यक्षिक वर्ग योजता येतील. मुरबाड, शहापूर यांसारख्या तालुक्यांतील पंचायत सदस्यांनाही हा विषय परका वाटू नये. हीच पद्धत वासरांच्या न्यूमोनियाचे निदान करण्यासाठीही वापरली जाते. शहरात कुत्र्यावर कमावलेले कौशल्य गावातील गोठ्यापर्यंत पोहोचू शकते.

शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून एक सोपा प्रयोग करवून घेता येईल. घरचा पाळीव कुत्रा शांत झोपलेला असताना त्याला हात न लावता, छाती एका मिनिटात किती वेळा वर येते, ते मोजावे. निरोगी कुत्र्यात ही संख्या सहसा तीसच्या आत असते. ती दिवसेंदिवस वाढत जाऊन तीसच्या वर राहू लागली, तर धाप लागण्याची वाट न पाहता पशुवैद्यकास दाखवावे. यास यंत्र लागत नाही, खर्चही नाही. मोजणारे मूल आणि तपासणारा पशुवैद्यक या दोघांनी वेळ साधली, तर निळ्या जिभेने दवाखान्याच्या दारात येणाऱ्या प्राण्यांची संख्या निश्चितच कमी करता येईल.